भूपट्टांची हालचाल आणि महाराष्ट्रातील भूकंप : कोयना व किल्लारीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील प्रदेश भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा घरी परतले होते व गाढ झोपेत होते. भूकंपाची महत्ता ६.२ होती आणि जमिनीचे तीव्र कंपन काही सेकंदच टिकले. तेवढ्या अवधीत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर व परिसरातील गावे ढिगाऱ्यांत रूपांतरित झाली. पुढे पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

या घटनेने एक प्रश्न ठळकपणे पुढे आणला. भूकंप हे भूपट्टांच्या सीमेवर होतात, असे शालेय व महाविद्यालयीन भूगोलात शिकविले जाते. जपान, इंडोनेशिया, चिली व हिमालय ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. महाराष्ट्र मात्र भूपट्टाच्या सीमेपासून फार दूर आहे. अहमदनगर (अहिल्यानगर) शहरालगतच्या केडगावचा विचार केला, तर हिमालयाचा पायथा येथून सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे आणि अरबी समुद्राच्या तळावरील पट्टसीमा त्याहूनही दूर आहे. असे असताना केडगावपासून सरळ रेषेत सुमारे २२० किलोमीटरवर असलेल्या किल्लारीत आणि साधारण तितक्याच अंतरावरील कोयनानगरात विनाशकारी भूकंप का झाले? भूपट्टांचा सिद्धांत येथे लागू पडत नाही, की तो अपुरा समजून घेतला जातो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने भूपट्टांची हालचाल आणि भूकंप यांतील कार्यकारणसंबंधाचे विवेचन करण्यात आले आहे.

उद्दिष्टे :

१. भूपट्टांच्या हालचालीतून भूकंप कसा निर्माण होतो, हे स्पष्ट करणे.
२. पट्टसीमेपासून दूर असलेल्या महाराष्ट्रात भूकंप होण्याची कारणे कोयना व किल्लारी यांच्या आधारे तपासणे.
३. भूकंपाची महत्ता व प्रत्यक्ष हानी यांतील फरकाची कारणे मांडणे.

भूपट्ट म्हणजे काय? :

पृथ्वीचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण म्हणजे शिलावरण होय. त्यात भूकवच आणि प्रावरणाचा वरचा कठीण भाग यांचा समावेश होतो. त्याची जाडी सर्वत्र सारखी नसली तरी ती सर्वसाधारणपणे शंभर किलोमीटरच्या आसपास मानली जाते. हे आवरण अखंड नसून सात मोठ्या व अनेक लहान तुकड्यांत विभागलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. भूपट्टांच्या खाली दुर्बलावरण असते. तेथील खडक घनरूपच असतो; परंतु अतिउष्णतेमुळे लाखो वर्षांच्या कालावधीत तो अत्यंत मंद गतीने वाहू शकतो. त्यामुळे वरील पट्टांना सरकणे शक्य होते.

खंड स्थिर नसून सरकतात, ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. परंतु खंड सरकविणारे बल कोणते, याचे समाधानकारक उत्तर त्याला देता न आल्याने ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. पुढे महासागरांच्या तळाचे सर्वेक्षण झाले. हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये सागरतळ विस्ताराची संकल्पना मांडली. मध्य महासागरी पर्वतरांगांजवळ नवा सागरतळ तयार होतो व तो दोन्ही बाजूंना सरकत जातो, हे १९६३ नंतर खडकांतील चुंबकीय पट्ट्यांच्या अभ्यासातून पुष्ट झाले. १९६७-६८ च्या सुमारास या सर्व पुराव्यांची सांगड घालून भूपट्ट विवर्तनी सिद्धांत आकारास आला. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ मधला. म्हणजे ज्या काळात जगातील भूशास्त्रज्ञ पट्टसीमांवरील भूकंपांची संगती लावीत होते, त्याच काळात महाराष्ट्रात पट्टाच्या अंतर्भागातील एक भूकंप नवे प्रश्न उभे करीत होता.

भूपट्ट सरकण्यामागे पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णता हे मूळ कारण आहे. या उष्णतेमुळे प्रावरणात अभिसरण प्रवाह निर्माण होतात. महासागरी पट्टाचा थंड व जड झालेला भाग दुसऱ्या पट्टाखाली बुडताना आपल्यामागील पट्टास ओढून नेतो. तसेच मध्य महासागरी पर्वतरांगांजवळचा उंच भाग पट्टास दोन्ही बाजूंना रेटतो. ही ओढ व हा रेटा यांच्या संयुक्त परिणामाने पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतात.

भारतीय पट्टाचा प्रवास :

भारतीय पट्ट एकेकाळी गोंडवन या दक्षिणेकडील महाखंडाचा भाग होता. त्यापासून विलग झाल्यावर तो उत्तरेकडे सरकू लागला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा प्रवास सुरू असतानाच, भूकवचातील भेगांतून लाव्हारसाचे प्रचंड थर बाहेर पडले व त्यांतून दख्खनचे बेसाल्टी पठार तयार झाले. केडगाव परिसरातील विहीर खणताना लागणारा काळा खडक हा याच लाव्ह्याचा होय. त्यानंतर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय पट्ट युरेशियन पट्टास भिडला आणि हिमालयाच्या उत्थानास प्रारंभ झाला. टक्कर होऊनही पट्टाची गती थांबली नाही. ती मंदावली इतकेच.

आजही भारतीय पट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत आहे. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीतून ही गती निश्चित करता आली आहे. अहमदनगर शहराची स्थापना १४९० मध्ये झाली. तेव्हापासून आजवर हे शहर, त्यालगतचे केडगाव आणि त्याखालील सर्व भूभाग पंचवीस मीटरांहून अधिक सरकला आहे. मात्र घरे, रस्ते, नद्या व डोंगर सर्व एकत्रच सरकत असल्याने ही हालचाल कोणासही जाणवत नाही. यावरून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. पट्टाचे सरकणे म्हणजे भूकंप नव्हे. जेथे हे सरकणे अडते तेथे भूकंपाची तयारी सुरू होते.

हालचालीतून भूकंप कसा होतो? :

दोन खडकांच्या पृष्ठभागांत घर्षण असते. पट्ट सरकत राहतात. परंतु प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे एकमेकांत अडकून राहतात. पट्टाचा दूरचा भाग पुढे जातो आणि अडकलेला भाग मागे राहतो. परिणामी त्या भागातील खडक हळूहळू वाकतो व त्यात ताण साठत जातो. वेताची छडी दोन्ही टोकांना धरून वाकवीत नेली असता ती काही मर्यादेपर्यंत वाकते व नंतर एकाएकी मोडते. मोडताना तिची टोके झटक्याने सरळ होतात आणि हातास झिणझिण्या येतात. खडकाच्या बाबतीत असेच घडते. साठलेला ताण घर्षणाच्या मर्यादेबाहेर गेला की प्रस्तरभंगावरील खडक अकस्मात घसरतात, वाकलेला खडक पूर्वस्थितीकडे येतो आणि मुक्त झालेल्या ऊर्जेचा काही भाग लहरींच्या रूपाने सर्व दिशांना पसरतो. हाच भूकंप होय.

या प्रक्रियेचे विवेचन अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी १९१० मध्ये केले. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर सॅन आंद्रियास प्रस्तरभंगावरून जाणारी कुंपणे व रस्ते काही ठिकाणी सुमारे सहा मीटरपर्यंत तुटून बाजूस सरकलेले आढळले होते. शेकडो वर्षे साठलेली हालचाल एका मिनिटाच्या आत घडून आली होती. त्यांचा सिद्धांत 'स्थितिस्थापक प्रतिक्षेप सिद्धांत' म्हणून ओळखला जातो.

खडक जेथून घसरण्यास प्रारंभ होतो त्या भूगर्भातील बिंदूस भूकंपनाभी म्हणतात, तर तिच्या नेमक्या वर भूपृष्ठावर असलेल्या बिंदूस अपिकेंद्र म्हणतात. नाभीपासून प्राथमिक व दुय्यम अशा दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी भूकवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने जातात. किल्लारीहून निघालेली प्राथमिक लहर या हिशेबाने केडगावला सदतीस-अडतीस सेकंदांत आणि दुय्यम लहर साधारण एका मिनिटाने पोहोचते. या दोन लहरींमधील वेळेच्या अंतरावरून भूकंपाचे स्थान किती दूर आहे हे काढता येते. किमान तीन केंद्रांवरील नोंदींच्या साहाय्याने अपिकेंद्र निश्चित केले जाते. भूपृष्ठालगत प्रवास करणाऱ्या भूपृष्ठ लहरी सर्वांत शेवटी येतात.

पट्टसीमांचे प्रकार व भूकंप :

पट्टसीमा तीन प्रकारच्या असतात. अपसारी सीमेवर दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात. अरबी समुद्र व हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांग हे भारताला जवळचे उदाहरण आहे. येथील भूकंप सामान्यतः मध्यम महत्तेचे व उथळ असतात. रूपांतरण सीमेवर पट्ट एकमेकांना घासून समांतर सरकतात. कॅलिफोर्नियातील सॅन आंद्रियास प्रस्तरभंग हा या प्रकारचा होय. अभिसारी सीमेवर पट्ट एकमेकांवर येऊन आदळतात. जगातील सर्वांत मोठे भूकंप येथे होतात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ झालेला ९.१ महत्तेचा भूकंप महासागरी पट्ट दुसऱ्या पट्टाखाली जाण्याच्या सीमेवर घडला व त्यातून आलेल्या त्सुनामीने भारताच्या पूर्व किनाऱ्यावरही मोठी जीवितहानी केली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झालेला ७.८ महत्तेचा भूकंप हा भारतीय व युरेशियन पट्टांच्या टकरीचा परिणाम होता.

जगातील बहुसंख्य भूकंप या तीन सीमांवर होतात, हे विधान सत्य आहे. मात्र 'बहुसंख्य' या शब्दाचा अर्थ 'सर्व' असा घेतला जातो, तेथे गफलत होते.

पट्टाच्या अंतर्भागात भूकंप का होतात? :

भारतीय पट्टावर दोन बाजूंनी बल कार्य करते. दक्षिण व नैर्ऋत्येकडील महासागरी पर्वतरांगा त्यास पुढे रेटतात, तर उत्तरेस युरेशियन पट्ट त्याची वाट अडवितो. या दोहोंच्या मध्ये संपूर्ण द्वीपकल्प दाबाखाली असते. एखादी लांब फळी भिंतीस टेकवून मागून रेटली, तर दाब फळीच्या टोकापुरता राहत नाही. तो सबंध फळीभर पसरतो. फळीत जुनी चीर किंवा गाठ असेल तर ती नेमकी तेथे तडकते. पट्टाच्या अंतर्भागात प्राचीन काळी निर्माण झालेले प्रस्तरभंग व खचदऱ्या या अशा चिरा होत. नर्मदा-शोण पट्टा, गोदावरी खचदरी व कच्छ ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलम येथे, २२ मे १९९७ रोजी जबलपूर येथे व २६ जानेवारी २००१ रोजी भूज परिसरात झालेले भूकंप अशा क्षेत्रांतील होते.

सीमेवरील व अंतर्भागातील भूकंपांत मुख्य फरक काळाचा आहे. सीमेवर ताण वेगाने साठतो, म्हणून तेथे मोठे भूकंप दशकांच्या किंवा शतकांच्या अंतराने पुन्हा होतात. अंतर्भागात ताण अतिशय सावकाश साठतो. त्यामुळे एकाच प्रस्तरभंगावर दोन मोठ्या भूकंपांत हजारो वर्षांचे अंतर असू शकते. माणसाची स्मृती, गावाची बखर किंवा दप्तरातील नोंद इतक्या मागे जात नाही. परिणामी 'येथे कधी भूकंप झाला नाही' या अनुभवाचे रूपांतर 'येथे भूकंप होणार नाही' या समजुतीत होते.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. प्राचीन प्रस्तरभंग ज्या मूळ खडकात आहेत, त्यावर दख्खनच्या लाव्ह्याचे आडवे थर पसरलेले आहेत. घोंगडीखाली झाकलेली भेग वरून दिसत नाही, तसे हे प्रस्तरभंग वरून सहसा दिसत नाहीत. किल्लारीजवळ घेण्यात आलेल्या ६१७ मीटर खोल विंधनछिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर आढळली व त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. भूकंपाची नाभी याहून पुष्कळ खाली, त्या प्राचीन खडकात होती.

कोयना : ताण जुना, निमित्त नवे :

सातारा जिल्ह्यातील कोयना धरण १०३ मीटर उंचीचे आहे. शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगरची मोठी हानी झाली आणि धरणाच्या उंच भागात तडे गेले. पुढे धरणाचे मजबुतीकरण करण्यात आले. तोवर दक्षिण भारताचा पठारी प्रदेश भूकंपदृष्ट्या स्थिर मानला जात असे. या घटनेनंतर १९७० मध्ये देशाच्या भूकंप विभागांच्या नकाशाची फेररचना झाली.

जलाशयामुळे भूकंप कसा होतो, याविषयी सामान्यतः पाण्याच्या वजनाने जमीन खचते असे मानले जाते. वजनाचा काही परिणाम होतो; परंतु अधिक महत्त्वाचा भाग पाण्याच्या दाबाचा आहे. जलाशयातील पाणी भेगांतून खोलवर झिरपते व खडकांतील छिद्रांमधील दाब वाढविते. त्यामुळे प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे बल कमी होते, घर्षण घटते आणि आधीच ताणाखाली असलेला खडक घसरतो. पिकलेले फळ वाऱ्याच्या झुळकीने गळते, पण वारा फळ पिकवीत नाही. त्याचप्रमाणे कोयनेतील ताण भूपट्टाच्या हालचालीने साठविलेला होता व जलाशय हे त्याच्या मुक्ततेचे निमित्त ठरले. म्हणूनच अशा भूकंपांना 'जलाशय-प्रेरित' म्हटले जाते. भूशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला असून कोयना हे जगातील अशा भूकंपाचे सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते.

कोयना-वारणा क्षेत्रात भूकंपांची मालिका पुढेही चालू राहिली. वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा मर्यादित क्षेत्रात १९६७ पासून ५ वा त्याहून अधिक महत्तेचे वीसपेक्षा जास्त भूकंप नोंदले गेले आहेत. भूकंप होतो त्या खडकापर्यंत पोहोचून निरीक्षण करता यावे, या हेतूने केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने येथे खोल विंधनाचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी कराड येथे संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे प्राथमिक विंधनछिद्र घेण्यात आले.

किल्लारी : कमी महत्ता, अधिक हानी :

किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात लहान धक्के जाणवले होते. मात्र त्या वेळच्या भूकंप विभागांच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९३ चा भूकंप उत्क्रम प्रस्तरभंगावर झाला. म्हणजे दाबामुळे खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला. किल्लारीजवळच्या शेतजमिनीत काही ठिकाणी भूपृष्ठ सुमारे अर्धा मीटर वर उचलले गेले. प्रस्तरभंगाची सर्वसाधारण दिशा वायव्य-आग्नेय होती, म्हणजे तो ईशान्य-नैर्ऋत्य दिशेच्या दाबाला आडवा होता. भारतीय पट्ट ज्या दिशेने सरकतो व अडतो त्या दिशेशी हे सुसंगत आहे. जवळच्या निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध होता किंवा कसे, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु ताणाचे मूळ पट्टाच्या हालचालीत आहे, याविषयी दुमत नाही.

महत्ता व हानी यांचा संबंध समजण्यासाठी एक तुलना उपयुक्त ठरते. २० ऑक्टोबर १९९१ रोजी उत्तरकाशी येथे ६.८ महत्तेचा भूकंप झाला. महत्ता एका अंकाने वाढली असता मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. या गणिताने उत्तरकाशीच्या भूकंपातील ऊर्जा किल्लारीच्या सुमारे आठपट होती. तेथे साडेसातशेहून अधिक माणसे दगावली. किल्लारीत मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. महत्ता म्हणजे नाभीजवळ मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप होय. हानी मात्र नाभीची खोली, लोकवस्तीची घनता, दिवसाची वेळ व घरांची रचना यांवर अवलंबून असते. किल्लारीत या चारही बाबी प्रतिकूल होत्या.

नाभी उथळ असल्याने कंपनाची तीव्रता गावांच्या खालीच एकवटली. जबलपूरच्या १९९७ च्या ५.८ महत्तेच्या भूकंपाची नाभी सुमारे ३५ किलोमीटर खोल होती. तेथील मृतांची संख्या चाळीसच्या आसपास राहिली. वेळ पहाटेची होती व माणसे घरात होती. सर्वांत निर्णायक बाब घरांची होती. मराठवाड्यात दगड व चिखलाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि त्यावर लाकडी तुळया टाकून मातीचे जाड माळवद करण्याची पद्धत होती. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात. शिवाय दगड, माती व मनुष्यबळ गावातच उपलब्ध असते. या पद्धतीमागे शहाणपण होते, परंतु ते उष्णतेच्या अनुभवातून आलेले होते. भूकंपाचा अनुभव नसल्याने त्याचा विचार रचनेत झाला नव्हता. भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड नसल्याने कंपनात दोन्ही बाजू अलग झाल्या, दगड निखळले आणि माळवदाचा भार खाली आला. लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे काही घरांत उभे राहिले. भिंतींनी मात्र माणसे गाडली.

स्थानिक संदर्भ व उपाययोजना :

अहमदनगर जिल्ह्याचा पाया बेसाल्टचाच आहे आणि जुन्या गावठाणांत दगडमातीची, माळवदाची घरे आणि वाडे आजही आढळतात. दुसरीकडे शहरांलगत काँक्रीटच्या बहुमजली इमारती वाढत आहेत. या दोन्ही प्रकारांत दोष निराळे असतात. पहिल्यात भिंत सुटी असते व छत जड असते. दुसऱ्यात वाहने ठेवण्यासाठी खालचा मजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडला जातो. वरचे मजले भिंतींमुळे ताठ व खालचा मजला कमकुवत अशी स्थिती होते. भूज परिसरातील भूकंपात अहमदाबादसारख्या दूरच्या शहरात याच प्रकारच्या अनेक इमारती कोसळल्या. अंतर्भागातील जुना, घट्ट खडक लहरींची ऊर्जा लवकर शोषून घेत नाही. त्यामुळे लहरी दूरवर पोहोचतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील अलीकडच्या काही घटना या विषयाची निकड दर्शवितात. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून लहान-मध्यम धक्क्यांची मालिका सुरू झाली. हिंगोली परिसरात २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी ४.५ महत्तेचे भूकंप झाले. या घटना म्हणजे मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना असे म्हणता येत नाही. कारण भूकंपाची तारीख, वेळ व स्थान आधी सांगण्याची पद्धत विज्ञानाला साध्य झालेली नाही. पट्टाच्या अंतर्भागात ताण आहे, एवढे मात्र त्या सिद्ध करतात.

भाकीत शक्य नसले तरी बचाव शक्य आहे. नवे दगडी किंवा विटांचे घर बांधताना जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या वरच्या आणि छताच्या पातळीवर चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरविल्यास भिंती एकत्र राहतात. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड बसविणे, कोपऱ्यांत लोखंडी सळ्या घालणे, मोठ्या खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवणे आणि जुन्या माळवदावर दरवर्षी चढणारा मातीचा थर कमी करणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. बहुमजली इमारतीत खालच्या मजल्यावरील खांबांची ताकद वाढविणे व काही भिंती घालणे आवश्यक ठरते. भारतीय मानक ब्यूरोने याविषयीची मानके प्रसिद्ध केली आहेत. भूकंप विभागांच्या नकाशातून किल्लारीसारख्या प्रदेशाला लागू असलेला पहिला विभाग २००२ च्या सुधारणेत वगळण्यात आला. देशाचा कोणताही भाग भूकंपाच्या शक्यतेपासून सर्वस्वी मुक्त नाही, याची ती कबुलीच होती.

निष्कर्ष :

१. भूपट्टांची अखंड हालचाल व प्रस्तरभंगावरील घर्षण यांतून खडकात ताण साठतो आणि तो अकस्मात मुक्त झाल्याने भूकंप होतो.

२. पट्टसीमेवरील दाब पट्टाच्या अंतर्भागातही पोहोचतो व प्राचीन कमकुवत क्षेत्रांत मुक्त होतो. त्यामुळे कोयना व किल्लारीचे भूकंप भूपट्ट सिद्धांतास अपवाद नसून त्याचाच विस्तार आहेत.

३. कोयनेत जलाशय हे निमित्त होते. ताणाचे मूळ पट्टाच्या हालचालीत होते.

४. अंतर्भागातील भूकंप विरळ असतात, परंतु त्यामुळेच ते बेसावध समाजावर येतात. हानीचे प्रमाण महत्तेपेक्षा घरांच्या रचनेवर अधिक अवलंबून असते.

५. भूगोलाच्या अध्यापनात पट्टसीमांच्या तीन प्रकारांबरोबर पट्टांतर्गत भूकंपांचा समावेश स्थानिक उदाहरणांसह होणे आवश्यक आहे.

समारोप :

भूपट्टाची हालचाल थांबविणे माणसाच्या हाती नाही. प्रस्तरभंगावर साठलेला ताण केव्हा मुक्त होईल, हेही त्यास ठाऊक नाही. डोक्यावरचे छत किती जड असावे आणि भिंतीचे दगड एकमेकांना कसे बांधावेत, हे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे. किल्लारीच्या परिसरात भूकंप पाहिलेली पिढी आता प्रौढ झाली असून त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तो ऐकीव इतिहास आहे. पट्टाच्या अंतर्भागातील दोन भूकंपांमधला काळ माणसाच्या आयुष्याहून फार मोठा असल्याने ही स्मृती अनुभवावर सोपवून चालणार नाही. ती शिक्षणातून व बांधकामाच्या रोजच्या व्यवहारातून पुढील पिढ्यांकडे पोहोचविणे, हीच भूकंपशास्त्राची महाराष्ट्रातील खरी उपयुक्तता ठरेल.